वक्ता की कारभारी? उपदेशक विश्वासू आहे हे ओळखायचे कशावरून? (एका चर्चेतले प्रतिसाद; प्रत्येकाच्या वर लिहिणाऱ्याचे टोपणनाव आहे.)

शेवटचा बाक

नव्या पाळकाच्या (धर्मगुरूच्या) निवडीसाठी आमच्या चर्चच्या मंडळीने नेमलेल्या समितीवर या वर्षी मला घेतले आहे. माझा ईश्वरविज्ञानाचा अभ्यास नाही. मी रविवारी मागे बसून संदेश, म्हणजे उपदेश, ऐकणारा माणूस आहे. आजवर कोणी माझे मत विचारले नव्हते, त्यामुळे ते बनवण्याची वेळही माझ्यावर आली नव्हती.

समितीने दोन उमेदवारांना एकाच उताऱ्यावर बोलायला सांगितले होते: लूक १५:११-३२, म्हणजे उधळ्या पुत्राचा दाखला: सगळे उधळून परतलेल्या धाकट्या मुलाला बाप मिठीत घेतो, आणि थोरला भाऊ रागावून आत यायला नकार देतो. पहिल्या उमेदवाराने सभा जिंकली. आवाजातले चढउतार, मधले विराम, सगळे जिथल्या तिथे होते. बाप धावत सुटतो त्या क्षणी माझ्या शेजारच्या गृहस्थांनी चष्मा काढून डोळे पुसले, आणि माझी अवस्थाही फार वेगळी नव्हती. मिठी झाली, झगा आला, अंगठी आली, जोडे आले, आणि संदेश तिथेच संपला. दुसरे उमेदवार कागदावरून वाचत होते आणि अधूनमधून त्यांची ओळ हरवत होती. पण त्यांनी सुरुवात केली ती अध्यायाच्या पहिल्या दोन वचनांपासून. येशू पापी लोकांबरोबर जेवतो म्हणून परूशी आणि शास्त्री, म्हणजे धर्मनियमांचे कडक पालन करणारे आणि त्यांचे पंडित, कुरकुर करत होते आणि हा दाखला त्या कुरकुरीला दिलेले उत्तर आहे, हे त्यांनी आधी दाखवले. मग अर्ध्याहून अधिक वेळ ते शेतातून परतलेल्या थोरल्या भावाविषयी बोलले. तो शेवटी आत गेला की बाहेरच राहिला, हे लूक सांगत नाही. ते त्याने का सांगितले नसावे, असा प्रश्न विचारून ते खाली बसले.

पहिल्या संदेशातली गोष्ट मी घरी गेल्यावर जशीच्या तशी सांगू शकलो. दुसऱ्या संदेशातले एक वाक्यही मला नीट आठवेना, पण त्या रात्री शास्त्र उघडून तो अध्याय पुन्हा वाचला तो मात्र दुसऱ्यांमुळे. समितीचा कल अर्थातच पहिल्यांकडे आहे. रटाळपणालाच प्रामाणिकपणा समजण्याची चूक मला करायची नाही. तरीही विचारतो: उपदेशक केवळ चांगला बोलणारा आहे की विश्वासू आहे, हे ऐकणाऱ्याने ठरवायचे कसे?

तळटीप

आपण ‘विश्वासू’ हा जो शब्द वापरला आहे तो प्रेषित पौलाचाच आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायाच्या आरंभी तो स्वतःला आणि आपल्या सहकाऱ्यांना देवाच्या रहस्यांचे कारभारी म्हणतो, आणि कारभाऱ्याकडून अपेक्षा एकच सांगतो: तो विश्वासू असावा. मूळ ग्रीक शब्द ‘ओइकोनोमोस’ असा आहे. त्या काळातला घरकारभारी पुष्कळदा स्वतः गुलाम असे. कोठाराच्या किल्ल्या त्याच्या कमरेला, पण धान्य मालकाचे. घरातल्या माणसांना वेळच्या वेळी शिधा पोहोचला का, एवढाच त्याच्याकडे हिशेब मागितला जाई. वाढताना तो किती छान दिसत होता हे कोणी विचारत नसे.

दुसऱ्या पत्रात (२:१७) याची उलट बाजू दिसते. देवाच्या वचनाचा धंदा करणाऱ्या पुष्कळ लोकांसारखे आम्ही नाही, असे पौल तिथे म्हणतो. त्यासाठी त्याने वापरलेले क्रियापद ‘कापेलोस’ म्हणजे किरकोळ विक्रेता या शब्दावरून आले आहे, आणि द्राक्षारसात पाणी घालून विकणाऱ्या दुकानदाराची छटा त्या शब्दाला चिकटलेली होती. पाणी घातलेला माल घशाखाली सहज उतरतो, म्हणून गिऱ्हाईक तक्रार करत नाही, ही त्यातली खरी मेख आहे. आपल्या पहिल्या उमेदवाराने काही खोटे सांगितले, असे आपल्या वर्णनात कुठेही नाही. त्यांनी सांगितलेले सगळे त्या उताऱ्यात आहे. फक्त जो भाग कडू लागला असता तो पेल्यात आला नाही.

एक पथ्य मात्र पाळावे लागेल. पौलाला पुढे करून वक्तृत्वाची निंदा करणे सोपे आहे, कारण आपण भीत भीत आणि फार कापत आलो, असे तो स्वतःच लिहितो, आणि त्याची पत्रे वजनदार असली तरी त्याचे बोलणे टाकाऊ आहे, हा विरोधकांचा टोमणाही त्याने लपवलेला नाही (२ करिंथ १०:१०). परंतु प्रीतीविषयीचा तेरावा अध्याय करिंथकरांसच्या पहिल्या पत्रात आहे आणि तो ज्याने लिहिला त्याला शब्दांची जाण नव्हती असे कोण म्हणेल? करिंथात नामवंत वक्त्यांना ऐकायला गर्दी जमत असे आणि लोक आपापल्या वक्त्याचे गट करून मिरवत. त्या बाजारात उभे राहायला पौलाने नकार दिला, असे मी त्याचे म्हणणे वाचतो.

मुक्तछंद

तळटीप यांनी शेवटी पथ्य सांगितले नसते तर मला भांडावे लागले असते. मंडळ्यांमध्ये एक सोयीस्कर समजूत पसरलेली असते: जो अडखळतो तो नम्र, जो वाचून दाखवतो तो अभ्यासू, आणि जो रंगवून सांगतो तो उथळ. मी असे उपदेशक ऐकले आहेत ज्यांचा रटाळपणा निव्वळ आळशीपणातून आला होता. समोर दोनशे माणसे बसली आहेत, त्यांतली काही आठवडाभराचे दुःख घेऊन आली आहेत, याची ज्यांना फिकीर नाही त्यांनी आपल्या कंटाळवाणेपणाला निष्ठेचे नाव द्यावे, हे मला मान्य नाही.

चौथ्या-पाचव्या शतकातले बिशप संत ऑगस्टीन यांचे उदाहरण दोन्ही बाजूंनी पाहण्यासारखे आहे. तरुणपणी ते सुमारे नऊ वर्षे मानी पंथाच्या (प्रकाश आणि अंधार अशी दोन तत्त्वे मानणाऱ्या पंथाच्या) नादात होते. मनातल्या शंका कोणी सोडवीना. फाउस्टस नावाचे पंथाचे प्रसिद्ध बिशप आले की ते सगळे उलगडतील, असे प्रत्येक जण सांगे. फाउस्टस आले, गोड बोलले, आणि प्रश्न विचारल्यावर त्यांच्याजवळ काही नाही हे उघड झाले. पेला देखणा, पण तहान भागवायला आत काही नाही, अशा अर्थाचे वर्णन ऑगस्टीन यांनी आत्मचरित्राच्या पाचव्या भागात केले आहे. मला त्याच प्रसंगातली पुढची गोष्ट अधिक आवडते. फाउस्टसनी आपले अज्ञान सरळ कबूल केले, आणि त्या कबुलीमुळे ते ऑगस्टीनना अधिक आवडले.

मग ३८४ साली ऑगस्टीन मिलानला वक्तृत्वाचे शिक्षक म्हणून गेले आणि तिथे बिशप अँब्रोज यांना ऐकू लागले, तेही केवळ हा माणूस लौकिकाप्रमाणे बोलतो का हे पारखायला. आशयाशी त्यांना कर्तव्य नव्हते. परंतु शब्दांसाठी उघडलेल्या दारातून आशयही आत शिरला आणि ३८७ साली त्यांनी अँब्रोज यांच्याच हातून बाप्तिस्मा घेतला. अँब्रोज नीरस बोलत असते तर हा श्रोता दुसऱ्यांदा आला असता का? पुढे बिशप झाल्यावर ख्रिस्ती शिकवणुकीवरील ग्रंथाच्या चौथ्या भागात ऑगस्टीन विचारतात की असत्य सांगणाऱ्यांनी श्रोत्यांना हलवावे, हसवावे, रडवावे, आणि सत्य सांगणाऱ्यांनी मात्र ऐकवणार नाही असे थंड आणि कंटाळवाणे बोलावे, हा कुठला न्याय? नीट सांगितले म्हणून एखादी गोष्ट खरी ठरत नाही आणि वाईट सांगितली म्हणूनही नाही, हे त्यांना फाउस्टस भेटले तेव्हाच समजले होते.

म्हणून शेवटचा बाक यांना माझी विनंती आहे की दुसऱ्या उमेदवारांची ओळ हरवली, हा त्यांचा गुण म्हणून नोंदवू नये.

कोरा कागद

यहेज्केल ३३:३२ कोणी काढला नाही याचे आश्चर्य वाटते. गोड गळ्याच्या, वाद्य चांगले वाजवणाऱ्या गायकाचे प्रेमगीत ऐकावे तसे लोक तुझे बोल ऐकतात, पण त्याप्रमाणे वागत नाहीत, असे परमेश्वर संदेष्ट्याला सांगतो. इथे संदेष्टा विश्वासू आहे आणि बोलतोही सुरेख. दोष कानांचा आहे. सगळा धागा उपदेशकाच्या परीक्षेत जाऊ नये, एवढ्यासाठी लिहिले.

उंबरठा

मी वीसहून अधिक वर्षे संदेश देतो आहे. हा प्रतिसाद आधी लिहिला, पुसला आणि पुन्हा लिहिला, कारण तो कबुलीजबाबासारखा वाटेल.

उपासना संपल्यावर दाराशी उभे राहून हात मिळवताना लोक जे बोलतात त्याची सवय लागते. ‘आजचा संदेश फार सुंदर होता’ हे वाक्य ऐकले नाही तर रविवार दुपार जड जाते, आणि मग पुढच्या शनिवारी रात्री टाचण काढताना हात आपोआप त्या वाक्याच्या दिशेने वळू लागतो. चौथ्या शतकातले प्रसिद्ध उपदेशक बिशप जॉन क्रिसोस्टम यांनाही हे चुकले नाही. त्यांच्या काळी चर्चमध्ये टाळ्या पडत असत. प्रेषितांच्या कृत्यांवरील आपल्या एका उपदेशात त्यांनी ही प्रथा बंद करण्याचा नियम मांडला, आणि तो मांडत असतानाच लोकांनी गजर केला, तेव्हा मी याच गोष्टीविरुद्ध नियम करतो आहे आणि तुम्हांला ते ऐकून घेण्याइतकाही धीर नाही, असे त्यांना म्हणावे लागले. टाळ्यांच्या वेळी माणूस म्हणून मला सुख होते आणि घरी गेल्यावर त्याच गोष्टीचे दुःख होते, हेही त्यांनी तिथेच सांगून टाकले. ‘सुवर्णमुखी’ म्हणून ज्यांना इतिहास ओळखतो त्यांची ही गत, मग माझी काय कथा! पण हेही नोंदवले पाहिजे की हाच माणूस राजधानी कॉन्स्टँटिनोपलमध्ये सम्राज्ञीच्या रोषाला पात्र झाला, ४०४ साली हद्दपार झाला आणि ४०७ साली त्या हद्दपारीतच, सक्तीच्या प्रवासात, वारला. टाळ्या आवडणे आणि टाळ्यांसाठी बोलणे यांत अंतर राहू शकते.

आता माझी गोष्ट. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या कोणाच्या तरी संदेशात ऐकलेला एक प्रसंग मी ‘माझ्या ओळखीच्या एका कुटुंबात’ असे म्हणून सांगितला. परिणाम उत्तम झाला. आठवडाभराने मी संदेष्टा यिर्मयाच्या पुस्तकाचा तेविसावा अध्याय वाचत होतो आणि एकमेकांपासून माझी वचने चोरणाऱ्या संदेष्ट्यांच्या मी विरुद्ध आहे, हे तिसावे वचन समोर आले. दुसऱ्याचा संदेश वापरण्यात पाप आहे असे नाही. ज्याला बोलता येते पण रचता येत नाही त्याने दुसऱ्याने लिहिलेला चांगला उपदेश पाठ करून सांगावा, याला ऑगस्टीन यांनीही मुभा दिली आहे. मी उसने आणलेला अनुभव स्वतःचा म्हणून खपवला होता. पुढच्या रविवारी मी ते व्यासपीठावरून सांगितले. त्या दिवशी दाराशी कोणी ‘सुंदर’ म्हणाले नाही.

याहून मोठी गोष्ट मला एका वहीने दाखवली. मी प्रत्येक रविवारच्या उताऱ्याची नोंद ठेवतो. एकदा अकरा वर्षांच्या नोंदी सलग वाचल्या, तेव्हा दिसले की याकोबाच्या पत्रातून मी पाच वेळा बोललो होतो, पण पाचव्या अध्यायाची पहिली सहा वचने एकदाही घेतली नव्हती. शेत कापणाऱ्या मजुरांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे, असे तिथे श्रीमंतांना सुनावले आहे. मंडळीला सर्वांत जास्त वर्गणी देणारी दोन कुटुंबे मोठे मालक आहेत. मी त्यांना घाबरून ती वचने टाळली, असे एकाही रविवारी मला जाणवले नव्हते. दर वेळी दुसरे काहीतरी अधिक निकडीचे वाटत होते, एवढेच. एकेक संदेश तपासला तर प्रत्येक शास्त्राला धरून होता; अकरा वर्षे एकत्र मांडली की कारभाऱ्याने कोठारातली एक पेटी कधीच उघडली नव्हती हे दिसते. मिलेत येथे इफिसच्या मंडळीतल्या वडीलजनांचा निरोप घेताना पौल देवाचा सगळा मनोदय सांगण्यात मी कसूर केली नाही असे म्हणतो (कृत्ये २०:२७), त्यातला ‘सगळा’ हा शब्द मला तेव्हापासून टोचतो.

म्हणून शेवटचा बाक यांना माझे उत्तर असे की एका संदेशावरून हे कळणार नाही. वक्तृत्व अर्ध्या तासात दिसते, पण विश्वासूपणा पाहायचा तर वर्षे मोजावी लागतात, आणि त्या वर्षांत जे बोलले गेले नाही तेही मोजावे लागते.

तळटीप

उंबरठा यांच्या वहीवरून आठवले. उपदेशकाला स्वतःच्या आवडीपासून वाचवण्यासाठी मंडळीने पूर्वीपासून काही कुंपणे घातली आहेत. नेमलेल्या शास्त्रपाठांची पद्धत हे एक. रोमन कॅथलिक मंडळीचा १९६९ चा पाठक्रम आणि अनेक प्रोटेस्टंट मंडळ्यांनी स्वीकारलेला १९९२ चा सुधारित पाठक्रम हे दोन्ही तीन वर्षांच्या चक्रात फिरतात. दुसरे कुंपण म्हणजे एक पुस्तक घेऊन वचनामागून वचन सांगत जाणे. १ जानेवारी १५१९ रोजी धर्मसुधारक झ्विंग्ली यांनी झुरिकमध्ये नेमलेले पाठ बाजूला ठेवून मत्तयाच्या पहिल्या अध्यायापासून सलग सांगायला सुरुवात केली. दुसरे धर्मसुधारक कॅल्व्हिन यांना १५३८ मध्ये जिनिव्हातून घालवून दिले होते; १५४१ मध्ये परत बोलावल्यावर जुन्या विरोधकांचा समाचार घेण्याची आयती संधी व्यासपीठावर हात जोडून उभी होती, आणि त्यांनी तीन वर्षांपूर्वी जिथे थांबले होते त्याच्या पुढच्या वचनापासून सांगायला सुरुवात केली. माझ्या मते ते न बोललेले भाषण त्यांच्या बोललेल्या पुष्कळ उपदेशांच्या तोडीचे आहे.

आडवाट

कुंपणाला फटी असतात. रोमकरांस पत्रावर चार वर्षे बोलून समोरच्या एकाही माणसाच्या आयुष्याला हात न लावणारे उपदेशक मी ऐकले आहेत. क्रियापदाच्या काळाची चर्चा ही लपायला फार सुरक्षित जागा आहे.

पण मला वेगळा मुद्दा मांडायचा आहे. आतापर्यंतच्या चर्चेतून असा निष्कर्ष निघेल की गोड बोलतो तो संशयित आणि कडू सांगतो तो विश्वासू. तसे नाही. तीमथ्यास दुसऱ्या पत्राच्या चौथ्या अध्यायात कान खाजणाऱ्या श्रोत्यांचा उल्लेख आहे. आपण तो नेहमी गोडबोल्या उपदेशकांवर लावतो. मात्र कानांची खाज कडू बोलण्यानेही शमते, फक्त ते बोलणे दुसऱ्याविषयी असले पाहिजे. बाहेरच्या जगाची, दुसऱ्या पंथाची, तरुण पिढीची, गैरहजर असलेल्या कोणाचीही पापे जोरात सांगणारा उपदेशक अतिशय लोकप्रिय होतो आणि वर ‘निर्भीड’ म्हणून त्याचे कौतुक होते. संदेष्टा आमोसाच्या पुस्तकाची पहिली दोन प्रकरणे पाहा: दिमिष्क, गज्जा, सोर, अदोम, अम्मोन, मवाब अशी शेजाऱ्यांची झडती चालू असेपर्यंत ऐकणारे खूश असणार, आणि मग तो यहूदाकडे आणि शेवटी इस्राएलाकडे वळतो. पुष्कळ ‘निर्भीड’ उपदेशक मवाबापाशी थांबतात.

कठोर संदेश खरा असला तरी तो सांगणाऱ्याला त्यात गोडी वाटता कामा नये, हे यिर्मयाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात दिसते. हनन्या हा दुसरा संदेष्टा सर्व लोकांसमोर सांगतो की दोन वर्षांत बाबेलचे जू, म्हणजे बाबेलची सत्ता, मोडेल आणि मंदिरातून नेलेली पात्रे परत येतील. यिर्मयाला हे खोटे वाटते, तरी त्याचा पहिला शब्द ‘आमेन’ आहे: परमेश्वर असेच करो. हनन्या त्याच्या मानेवरचे लाकडी जू काढून मोडतो तेव्हा तो प्रत्युत्तर न देता निघून जातो, आणि वचन मिळाल्यावरच परत येतो. आपलेच म्हणणे खोटे ठरले तर बरे, असे मनापासून वाटूनही जो ते सांगतो त्याच्यावर मी विश्वास ठेवीन.

सहप्रवासी

एक शंका आहे. उपदेशकाचे आचरण चांगले नसेल तर त्याचा संदेशही बाद समजायचा का? संदेष्टा योना निनवे शहरात गेला तो नाइलाजाने, आणि शहर वाचले तेव्हा रागावला. त्याचा संदेश हिब्रूत जेमतेम पाच शब्दांचा आहे, आणि तेवढ्यावर राजापासून सगळ्यांनी गोणपाट नेसले. फिलिप्पैकरांस पत्रात (१:१५-१८) काही जण हेव्याने ख्रिस्ताची घोषणा करतात हे ठाऊक असूनही पौल आनंद मानतो. मग माणूस कसा का असेना, संदेश खरा असला की पुरे, असे म्हणायला काय हरकत आहे?

तळटीप

हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि ते एकत्र केल्याने मंडळीचे पूर्वी फार नुकसान झाले आहे. उत्तर आफ्रिकेतील डोनाटस पंथीयांचे म्हणणे असे होते की छळाच्या काळात कच खाल्लेल्या धर्मगुरूंनी दिलेले संस्कार व्यर्थ ठरतात. ऑगस्टीन त्याविरुद्ध उभे राहिले. ४११ साली कार्थेजमध्ये दोन्ही पक्षांच्या बिशपांची मोठी समोरासमोर परिषद झाली. देणारा ख्रिस्त आहे, देणाऱ्याचा हात मळका म्हणून देणे रद्द होत नाही, हा ऑगस्टीन यांचा मुद्दा होता. ऐकणाऱ्यासाठी तो मोठा दिलासा आहे, कारण माझे तारण पाळकाच्या चारित्र्यावर टांगलेले नाही. मात्र पाळक निवडताना हाच मुद्दा पुढे करता येणार नाही. तीमथ्यास पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायातील मंडळीच्या अध्यक्षाच्या गुणांची यादी वाचली तर त्यात कौशल्य म्हणावे असे ‘शिकवण्यात निपुण’ एवढेच ठळकपणे सापडते. उरलेली यादी बहुतेक सगळी दारू, पैसा, राग, घर आणि बाहेरच्यांमधील लौकिक यांविषयी आहे. योनाच्या संदेशाने निनवे वाचले हे खरे, पण योनाला पाळक म्हणून बोलवावे असे कोणी सुचवणार नाही.

आडवाट

आणि चारित्र्य म्हणजे केवळ खासगी सोज्वळपणा असेही समजू नये. अठराव्या शतकातील जॉर्ज व्हाइटफील्ड यांच्याएवढा प्रभावी उपदेशक क्वचितच झाला असेल. बेंजामिन फ्रँकलिन यांनी लिहून ठेवले आहे की काही द्यायचे नाही असे ठरवून ते ऐकायला गेले आणि खिसे रिकामे करून आले. व्हाइटफील्ड यांच्या व्यक्तिगत शुचितेविषयी त्यांच्या टीकाकार मित्रालाही शंका नव्हती. १७४० मध्ये त्यांनी गुलामांना क्रूरपणे वागवणाऱ्या मालकांना जाहीर पत्र लिहून फटकारले, आणि तेच पुढे जॉर्जिया वसाहतीत गुलामगिरीला कायदेशीर परवानगी मिळावी म्हणून झटले, कारण त्यांच्या अनाथाश्रमाचा खर्च त्यावर चालणार होता. १७५१ मध्ये ती परवानगी मिळाली. कोठारातली पेटी कशी बंद राहते ते उंबरठा यांनी सांगितलेच आहे. इथे उघडलेली पेटी पुन्हा बंद झाली.

याच्या शेजारी बेर्नहार्ड लिख्टेनबेर्ग यांना ठेवा. बर्लिनच्या कॅथलिक कॅथीड्रलमधले हे धर्मगुरू नाझी राजवटीत यहुद्यांविरुद्ध झालेल्या नोव्हेंबर १९३८ मधल्या हिंसाचारानंतर संध्याकाळच्या प्रार्थनेत यहुदी लोकांसाठी उघडपणे प्रार्थना करू लागले. त्यात वक्तृत्व कुठले? एक साधी विनंती, रोजची. १९४१ मध्ये त्यांना अटक झाली आणि १९४३ मध्ये डाखाऊच्या छळछावणीकडे नेत असताना ते वारले.

मुक्तछंद

आडवाट यांच्या या उदाहरणापुढे मी वक्तृत्वाची बाजू कमी आवाजात मांडतो, पण मांडतो. त्याच राजवटीत मुन्स्टरचे बिशप फॉन गालेन यांनी १९४१ च्या जुलै-ऑगस्टमध्ये तीन उपदेश दिले. ३ ऑगस्टच्या उपदेशात मनोरुग्णांच्या हत्यांचा त्यांनी उघड उल्लेख केला. त्या उपदेशांच्या प्रती गुप्तपणे हातोहात पसरल्या आणि त्याच महिन्यात त्या हत्यासत्राची अधिकृत मोहीम थांबवावी लागली, जरी पुढे हत्या लपूनछपून चालूच राहिल्या. ते उपदेश नेमके आणि जोरकस होते म्हणून लोकांनी ते उतरवून घेतले. गुळमुळीत असते तर कोणी कागद खर्च केला नसता.

फ्रँकलिन यांचा उल्लेख आलाच आहे तर त्यांचेच आणखी एक निरीक्षण समितीच्या उपयोगाचे आहे. व्हाइटफील्ड यांचा उपदेश नवा आहे की अनेक ठिकाणी दिलेला, हे आपल्याला ऐकताच कळे, कारण पुन्हा पुन्हा दिलेल्या उपदेशातला प्रत्येक स्वर घासूनपुसून बसलेला असे, असे ते लिहितात. फिरत्या उपदेशकाला ही सोय असते, एकाच ठिकाणी राहणाऱ्याला नसते. उमेदवार हा त्या दिवसापुरता फिरता उपदेशकच असतो.

उंबरठा

अगदी खरे. म्हणून समितीला सुचवतो की दोघांकडून मागच्या तीन वर्षांतल्या उताऱ्यांची यादी मागवा. व्यासपीठावरून आपली चूक शेवटची कधी दुरुस्त केली, हेही विचारा. पटकन उत्तर आले नाही तर थांबा, विचार करू द्या. अपुल्लोसाची गोष्ट मला त्यासाठी फार मोलाची वाटते. कृत्यांच्या अठराव्या अध्यायात तो वक्ता आणि शास्त्रपारंगत म्हणून येतो, धीटपणे बोलतो, पण त्याला फक्त योहानाचा बाप्तिस्मा ठाऊक असतो. प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला हे तंबू शिवणारे जोडपे त्याला आपल्याकडे नेते आणि मार्ग अधिक नीट समजावून सांगते. आलेक्सांद्रियाचा हा विद्वान ऐकून घेतो. त्याचे वक्तृत्व त्यानंतर कमी झाले असे लूक लिहीत नाही; उलट अखयात त्याचा मोठा उपयोग झाला असे लिहितो. उमेदवाराला कोण दुरुस्त करू शकते, आणि तसे अलीकडे कोणी केले का, हे त्याच्या जुन्या मंडळीतल्या साध्या सभासदांना विचारा.

शेवटचा बाक

तीन आठवड्यांनी परत लिहितो आहे. सर्वांचे आभार, माझी पंचाईत मात्र वाढली आहे.

थोरल्या भावापर्यंत का गेला नाहीत, असे पहिल्या उमेदवारांना मी फोनवर विचारले. ते क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, ‘पाहुणा म्हणून आलो होतो, तुम्हांला मी आवडावे असे वाटत होते.’ असे सरळ उत्तर मला अपेक्षित नव्हते. मग त्यांनी यादी पाठवली. ती पाहून मी चकित झालो: थोरल्या भावावर त्यांनी मागच्या वर्षी एक पूर्ण रविवार दिला होता, आमोस होता, यिर्मया होता, आणि दानार्पणाविषयी जेमतेम एक संदेश होता. दुसऱ्या उमेदवारांची यादी आली तेव्हा कळले की तीन वर्षांत जवळजवळ सगळे रविवार पौलाच्या पत्रांवर गेले आहेत, शुभवर्तमानांतून सातच संदेश आहेत आणि संदेष्ट्यांपैकी एकही नाही. कारण विचारल्यावर, तिथे मला सुरक्षित वाटते, असे तेही प्रामाणिकपणे म्हणाले.

दोघांना पुन्हा बोलवायचे असे समितीत ठरले आहे, आणि उतारा मी सुचवला: याकोब ५:१-६. समितीतल्या एका ज्येष्ठ सभासदांनी ‘त्यापेक्षा एखादे स्तोत्र द्यावे’ असे म्हटले. मतदान झाले आणि याकोब एका मताने टिकला.

उंबरठा

त्या ज्येष्ठ सभासदांना त्या दिवशी पहिल्या बाकावर बसवा. आणि संदेश संपल्यावर दाराशी उमेदवाराशेजारी आपण उभे राहा. कोण हात मिळवते, कोण बाजूच्या दाराने जाते, हे लिहून ठेवा. मी पुढच्या महिन्यात तोच उतारा घेतो आहे. टाचण अजून अर्धेच झाले आहे.